दादारावांची शेवटची धाड

"दारू? आन आमच्या घरी? नाही जी, साहेब. आमच्या सात पिढ्यांत कोणी वाससुद्धा घेतला नाही."

दादारावांनी डोक्यावरची टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी पुन्हा घातली. राग गिळायची ही त्यांची पद्धत, आणि आज सकाळपासून त्या टोपीला जरा उसंत नव्हती. सात पिढ्या म्हणे! या गड्याच्या बापाला त्यांनी स्वतः बखोट धरून नाल्यातून वर काढलं होतं, आणि बापानं तेव्हा पोटाशी धरलं होतं ते काही लेकरू नव्हतं, लाहनाचं मडकं होतं. लाहन म्हणजे मोहाची फुलं भिजवून, सडवून, फसफसायला लागलेला आंबट घोळ. तो भट्टीवर चढवला की त्याची दारू उतरते. त्या दिवशी तो सगळा घोळ दादारावांच्या अंगावर आला होता आणि वर्दीचा वास जाता जात नव्हता. आणि हा म्हणतो, वाससुद्धा घेतला नाही!

"अरे लेका, तुझा बाप..."

"काका, प्लीज," मृणाल हळूच म्हणाली. "तुम्ही बोलू नका ना."

तिनं समोरचा छोटा माइक बंद केला. सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्यानं घरमालकानं हात जोडले आणि तो आत गेला. आतून कडी लावल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

मृणाल नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायची. राज्याच्या सीमेपलीकडच्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात ज्यांनी पिढ्यान् पिढ्या मोहाची दारू गाळली, त्यांच्याच तोंडून त्यांची कहाणी रेकॉर्ड करायची, असं काम तिनं हाती घेतलं होतं. ही विद्या कुठं लिहून ठेवलेली नाही, आहे ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात, ती माणसं गेली की खलास, असं तिचं म्हणणं. म्हणणं काही चूक नव्हतं. गावोगावचे पत्ते कोण सांगेल म्हणून तिनं चौकशी केली, तेव्हा कोणीतरी बोट दाखवलं, "दादारावांना विचारा. आबकारीतले रिटायर हवालदार आहेत. इकडची एकूणएक चूल त्यांना पाठ आहे."

चूल पाठ होती हे खरं. पण ज्या माणसानं उभं आयुष्य भट्ट्या फोडण्यात घालवलं, त्यालाच सोबत घेऊन भट्टीवाल्यांच्या दारात गेलं तर काय होईल, याचा विचार मृणालनं केला नव्हता. दादारावांनी तर नाहीच केला. परिणाम असा, की एका गावात त्यांना पाहताच गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक म्हातारा परसातल्या कुंपणावरून उडी मारून पळाला. दुसऱ्या गावात एका बाईनं काही विचारायच्या आतच सगळे डबे अंगणात आणून उघडून दाखवले. "घ्या झडती! घ्या!" म्हणून ओरडायला लागली. शेजारीपाजारी जमले. मृणालला तर रडायलाच आलं.

"काका, निदान ती खाकी पँट घालून येऊ नका."

"काहून? ही काय सरकारी आहे? मी सोताच्या पैशानं शिवली."

"पण दिसते ना तशी!"

"कडक इस्त्री आहे म्हनून दिसते," दादाराव म्हणाले. त्यांना खरंच समजत नव्हतं, की माणसानं घराबाहेर पडताना चुरगळलेली पँट घालावी तरी कशाला.

हा त्यांचा जुना रोग. बाप दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारा. घरात पोरांना एकच शिकवण, शिका आणि स्वच्छ राहा. दादाराव पांढुर्ण्याच्या शाळेत शिकले, धावले, छाती फुगवून दाखवली आणि आबकारीत भरती झाले. ज्या दिवशी वर्दी अंगावर चढली, त्या दिवशी बापानं त्या कापडावरून नुसता हात फिरवला होता. तेव्हापासून धाडीवर जायचं तर आदल्या दिवशी वर्दी धुतलेलीच पाहिजे, सकाळी इस्त्रीची घडी उभी पाहिजे. बाकीचे शिपाई लुंगीवर शर्ट चढवून जीपमध्ये बसायचे. दादाराव मात्र लग्नाला निघाल्यासारखे निघायचे.

दारूशी त्यांचं वैरही मनापासूनचं होतं. चुलता दारूनं गेला होता. घरात पंचशील म्हटलं जायचं, त्यातला मद्याचा नेम दादारावांनी कधी मोडला नाही. त्यामुळे आता मोहाची दारू काचेच्या बाटलीत भरून, वर रंगीत कागद चिकटवून, शहरात वारसा म्हणून विकतात, हे मृणालनं मोबाइलवर दाखवलं तेव्हा त्यांची टोपी दोनदा निघाली. "म्हंजे मी जे जन्मभर फोडलं ते काय होतं? मडकी का वारसा?"

मग असा माणूस या पोरीबरोबर उन्हातान्हात गावं का पालथी घालत होता? समाजसेवा म्हणून नाही, आणि इतिहासासाठी तर नाहीच. दादारावांना एका माणसाच्या तोंडून एक नाव ऐकायचं होतं. मोहगावची केसरबाई. तिनं त्या माइकसमोर सांगावं, की धाडीची बातमी तिला कोण द्यायचं. आणि ते नाव भूपेंद्रचं असावं. असावं काय, होतंच! फक्त तिच्या तोंडून यायचं बाकी होतं.

केसरबाईच्या घरी दादारावांनी किती धाडी टाकल्या याची गणती नाही. पहिल्या धाडीत ती सापडली. मुद्देमालासकट. त्यानंतर एकदाही नाही. पहाटे जीप थांबायची, दादाराव घडीच्या पँटीत उतरायचे आणि पाहायचे तर चूल कोमट, अंगण ताजं सारवलेलं, मडकी गायब आणि केसरबाई दारात उभी. "या हवालदार, चहा मांडलाच आहे." दर वेळी चहा! कोणीतरी पाहुणे येणार म्हणून सांगून ठेवल्यासारखा. दादारावांनी त्या घरचा चहा कधी घेतला नाही. धाडीवरचा माणूस चहा घेत नाही.

साहेब सगळ्यांसमोर हसले होते. "दादाराव, तू धाड टाकायला जातोस की सारवण पाहायला?" तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नावच पडलं, सारवण हवालदार.

भूपेंद्र त्यांच्यासोबतच भरती झालेला. दोघांत मिळून एक सायकल, एक डबा, पगाराच्या दिवशी एक सिनेमा. लेक प्रज्ञा झाली तेव्हा दादाराव ड्युटीवर होते, बायकोला, सुशीलाला, दवाखान्यात भूपेंद्रनंच नेलं. धाड कुठं पडणार हे आदल्या दिवशी दोघांनाच ठाऊक असायचं, दादारावांना आणि भूपेंद्रला. मग बातमी फुटते कुठून? हिशोब सरळ होता. सारवण हवालदार म्हणून पुन्हा एकदा हसू झालं त्या दिवशी दादारावांनी साहेबांसमोर उभं राहून सांगून टाकलं, "साहेब, बातमी आतून जाते. आन मी तर नाही देत."

भूपेंद्र तिथंच उभा होता. त्यानं दादारावांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही बोलला नाही. निर्दोष माणूस ओरडला असता, असं दादारावांना वाटलं. भूपेंद्रची बदली झाली, पार नर्मदेपलीकडे. आणि तो गेल्यावर काय झालं? केसरबाईची भट्टी बंद पडली! बाई संत्र्याच्या पेट्या भरायला जायला लागली. आता याहून मोठा पुरावा कोणाला पाहिजे?

रिटायर झाल्यावर भूपेंद्र आपल्या गावी, तिगावला परत आला. पांढुर्ण्याहून हाकेवर. पण दादाराव तिकडे फिरकले नाहीत. पॅसेंजरनं जाताना तिगाव स्टेशन आलं की ते उठून पलीकडच्या खिडकीशी जाऊन उभे राहायचे. सुशीला शेजारी बसलेली असायची. एकदाच म्हणाली होती, "एवढी मान वाकडी करता, दुखत नाही का?" तेव्हा ते तिच्यावर खेकसले होते.

तर अशी सगळी गोष्ट. आणि आता, एवढी दारं तोंडावर बंद झाल्यावर, मृणालनं मोहगावला जायचं ठरवलं.

"तुम्ही बोलायचं नाही," बसमध्ये तिनं बजावलं.

"एकच प्रश्न विचारतो."

"शेवटी."

"शेवटी तर शेवटी."

केसरबाई घरासमोरच्या बाजेवर बसली होती. पाठीला बाक आलेला, तोंडात दात नाहीत, पण डोळे तेच, मिश्कील. चैत्र लागला होता. अंगणात पोत्यावर मोहफुलं वाळत पडली होती, त्यांचा गोडसर वास सगळीकडे भरून होता. तिची लेक चंचल माहेरी आली होती, ती फुलं चाळत होती.

"आला का हवालदार!" केसरबाई हसली. "म्या म्हंतलं, मेला का काय. बस. चंचल, चहा मांड वो."

"चहा नको," दादाराव सवयीनं म्हणाले.

"आजबी नको? बाप्पा, काय मानूस आहे!"

पण ही बाई बोलली. सगळ्या मुलुखात हीच एक बोलली आणि अशी बोलली, की मृणालचे डोळे चमकायला लागले. मोहाखालची जमीन आधी झाडून साफ करायची, कारण फूल पडतं ते पहाटे, आणि पानापाचोळ्यात पडलं तर माती चाटतं. मग वाळवायचं. मग भिजवायचं.

"किती दिवस भिजवायचं, आजी?"

"दिवस कोन मोजते? मडक्याले कान लावाचा. आतून बोलते ते. बोलनं बंद झालं की चढवाचं."

"खोटं," दादाराव म्हणाले. "पाचव्या दिवशी काढता तुमी लोक. मी पंचनाम्यात लिहून लिहून थकलो."

"काका!"

"उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात जास्त," केसरबाई म्हणाली. "तुझ्या पंचनाम्याले थंडी वाजत होती का?"

चंचल तोंडाला पदर लावून हसली. दादारावांची टोपी निघाली. केसरबाई पुढं सांगत राहिली. चुलीवर मडकं, त्यावर दुसरं, वर थंड पाण्याचं भगुनं, सांधे ओल्या मातीनं लिंपलेले. वाफ वर जाते, गार होते, बांबूच्या नळीतून थेंब थेंब उतरते. पहिली धार देवाची, ती माणसानं प्यायची नाही. दुसऱ्या धारेतले चार थेंब जाळात टाकायचे. भक्कन निळा जाळ झाला तर माल चांगला.

"आन मालक मेले तवा पोरं एवढीएवढी," ती म्हणाली. "वावर नाही. दुसऱ्याच्या धुऱ्याबांधावर मोहाची दोन झाडं. त्याच्यावर जगलो आमी. कोनी म्हनते पाप. असंन बा. म्या देवाले पहिली धार देल्ली आन म्हंतलं, तूच पाह्य आता."

मृणालनं माइक तिच्या आणखी जवळ सरकवला. पण दादाराव किती वेळ गप्प बसणार?

"केसरबाई, आता माझं ऐक. इथी माइक आहे. खरं सांगायचं. मी निघालो की तुले बातमी कोन देत होतं?"

केसरबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पँटीकडे पाहिलं. आणि ती जी हसायला लागली, ती हसून हसून खोकायला लागली. चंचलनं पाणी आणून दिलं.

"तुझ्या पँटीनं सांगतलं," ती म्हणाली.

"मस्करी नको करू."

"कायची मस्करी? पँटीनंच सांगतलं. बाकीचं घरी जाऊन विचार."

"भूपेंद्रनं सांगतलं का नाही? एवढं बोल. हाव का नाही?"

"कोन भूपेंद्र?" केसरबाईनं मृणालला विचारलं, अगदी मनापासून. "हा कोनाचं नाव घेऊन राहिला?"

दादाराव उठलेच. त्यांना वाटलं, या बाईनं जन्मभर आपल्याला खेळवलं आणि आता मरायला टेकली तरी खेळवतेच आहे. ते तरातरा फाटकाबाहेर आले. मागून चंचल धावत आली आणि तिनं एक पुडकं त्यांच्या हातात दिलं. वाळलेली मोहफुलं होती, लाडूंसाठी.

"मावशीले द्या. म्हना, चंचलनं देल्ली."

"कोनती मावशी?"

"सुशीलामावशी," चंचल म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, असा तिचा चेहरा.

बसमध्ये दादारावांनी पुडकं मांडीवर ठेवलं आणि ते पुटपुटत राहिले. या पोरीला सुशीला कुठून माहीत? हां, एकदा आली होती घरी. पहिल्या धाडीत केसरबाईला अटक झाली, तेव्हा घरात ही एकटीच, चारेक वर्षांची. मोठी पोरं कामावर गेलेली. लेकराला कुठं सोडायचं म्हणून दादारावांनीच तिला आपल्या घरी आणून सुशीलाजवळ दिली होती. आई सुटेपर्यंत राहिली. माणुसकी केली होती त्यांनी! त्याचं कोणाला काही आहे?

"काका," मृणाल म्हणाली, "मला वाटतं तुम्ही आता घरी गेल्यावर..." आणि थांबली.

"काय?"

"काही नाही."

पांढुर्णा जवळ आलं. दादारावांचं घर गावाच्या तोंडाशी, अगदी रस्त्याला लागून. बस तिथल्या वळणावर नेहमीसारखी मंदावली. दादारावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि त्यांना रस्त्याकडच्या कुंपणावर, भर उजेडात, झेंड्यासारखी पसरलेली एक खाकी पँट दिसली. त्यांची दुसरी पँट. सुशीलानं धुऊन वाळत घातलेली.

जन्मभर ते याच एका गोष्टीवरून तिच्याशी भांडले होते. "पुढच्या दारी कायले वाळत घालतं? येणारा-जाणारा पाहते. मागं दोरी नाही का?" आणि ती म्हणायची, "मागं ऊन येत नाही." बाकीचे कपडे मागंच वाळायचे. साड्या, चादरी, प्रज्ञाचे फ्रॉक, सगळे मागं. ऊन यायचं नाही ते फक्त धाडीच्या आदल्या दिवशी, आणि फक्त वर्दीच्या पँटीला.

आणि मोहगावचे लोक रोज संध्याकाळी परतायचे ती गाडी इथूनच जायची. आत्ता ते बसले होते, तीच गाडी. तीच खिडकी.

"थांबव!" दादाराव ओरडले. "अरे थांबव बे!"

सुशीला ओसरीवर तांदूळ निवडत होती. त्यांनी पुडकं तिच्यासमोर ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं.

"चंचलनं देल्लं. मावशीले."

सुशीलानं पुडक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. सूप बाजूला केलं. तिनं डोळे खाली घातले नाहीत.

"कळलं वाटते," ती म्हणाली.

मग जे झालं ते सगळ्या आळीनं ऐकलं. दादाराव म्हणाले, की तू माझं मीठ खाऊन माझ्याच पोटावर पाय दिला. म्हणाले, की लोक मला सारवण हवालदार म्हणाले आणि तू घरात बसून हसली असशील. म्हणाले, की रोज पंचशील म्हणतेस आणि दारू वाचवतेस, लाज नाही वाटली? टोपी केव्हाच कुठंतरी पडली होती. सुशीलानं सगळं ऐकून घेतलं. दारूचं आलं तेव्हा मात्र ती उभी राहिली.

"मी कधी थेंबाले हात नाही लावला," ती म्हणाली. "आन मी दारू नाही वाचवली. तुमी ते लेकरू माझ्याजवळ आनून टाकलं आन गेले निघून ड्युटीवर. तुमाले काय माहीत? ते उंबऱ्यावर बसून राहिलं होतं. खात नव्हतं. झोपत नव्हतं. गाडी वाजली की उठून उभं राहे, माय आली म्हनून. प्रज्ञा तेवढीच होती तवा. मी प्रज्ञाले भरवत होती आन ते पाहत होतं. मी तवाच ठरवलं, अशी पोट्टी माझ्या दारात पुन्हा नाही बसन. केसरबाई तिले न्याले आली तवा मीच तिले सांगतलं, पँट पुढं दिसली की समजून घे."

"मले सांगायचं होतं!"

"सांगतलं होतं. तुमी म्हंतलं, कायदा म्हंजे कायदा."

हे त्यांनी म्हटलं होतं. त्यांना आठवलं. ते पायरीवर बसले. राग अजून होता, पण ठेवायला जागा सापडेना. आणि मग ते एकाएकी वर पाहून म्हणाले, "आन भूपेंद्र?"

सुशीलाचा चेहरा आता बदलला. इतका वेळ ताठ उभी होती ती, तिनं खांबाला हात टेकला.

"मी गेली होती त्याच्याकडं," ती म्हणाली. "बदली झाली तवा. म्हंतलं, भाऊजी, मी जाते साहेबाकडं, सांगते का मी केलं. त्याले आधीच माहीत होतं. रोज याच रस्त्यानं जाये तो, त्यालेबी डोळे होते. मले म्हने, राहू द्या वहिनी. माझी तं बदलीच होईन. दादूचं घर मोडन. मले शपथ घातली त्यानं." ती थोडी थांबली. "मग मी केसरबाईले निरोप धाडला, आता बंद कर. एका मानसाचा बळी गेला. तिनं बंद केली."

पॅसेंजरमध्ये पलीकडच्या खिडकीशी उभा असलेला एक मूर्ख माणूस दादारावांना दिसत होता, मान वाकडी करून, अभिमानानं. एवढी वर्षं! ते खरं तर रडले असते, पण रडायलासुद्धा त्यांना संताप येत होता. स्वतःचा, सुशीलाचा, त्या भूपेंद्रचा. शपथ घालतो म्हणे! कोण मोठा हरिश्चंद्र लागून गेला! एकदा ओरडला असता साहेबासमोर, तर काय बिघडलं असतं? घर मोडलं असतं, दुसरं काय. आणि घर मोडलंच असतं, हे दादारावांना स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं.

"सकाळी तिगावले जातो," ते शेवटी म्हणाले.

सुशीलानं सूप उचललं. आत गेली. अंगावरची पँट धुळीनं भरली होती, ती तिनं मागून घेतली आणि धुऊन कुंपणावर टाकली. पुढच्या. दादारावांनी ते पाहिलं आणि या वेळी ते भांडले नाहीत.

सकाळी इस्त्रीची घडी उभी होती. स्कूटर काढून ते तिगावच्या रस्त्याला लागले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते आणि जुळत नव्हतं. माफ कर म्हणायचं? कोणत्या तोंडानं? की आधी शिव्या घालायच्या, गप्प राहिला म्हणून? एकदा तर त्यांनी स्कूटर परत वळवली, थोडं अंतर आले आणि स्वतःवरच चिडून पुन्हा फिरवली. अचानक जाऊन उभं राहावं हे बरं, असं त्यांनी ठरवलं. समोरच्याला तयारीला वेळ मिळाला नाही, की जे खरं असतं ते तोंडावर येतं. एवढं तर नोकरीत शिकलो.

भूपेंद्रच्या घरासमोर त्यांनी स्कूटर लावली आणि ते जागीच थांबले.

अंगण ताजं सारवलेलं होतं. अजून ओलं होतं. मधोमध दोन खुर्च्या मांडल्या होत्या, समोरासमोर. आतून आलं घातलेल्या चहाचा वास येत होता. आणि दारात पांढऱ्या झालेल्या मिशा, हातात काठी, अंगावर धुवट सदरा, असा भूपेंद्र उभा होता.

"ये दादू," तो म्हणाला. "चहा मांडलाच आहे."

दादारावांचं जुळवलेलं सगळं उडून गेलं. त्यांनी अंगणाकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, आणि जन्मभराचा सगळा वैताग एकदम बाहेर पडला.

"पुन्हा!" ते ओरडले. "पुन्हा बातमी फुटली! त्या बाईनं..."

"काल रात्रीच फोन आला वहिनीचा," भूपेंद्र म्हणाला. "आता पँटीवर नाही चालत काम. पन मले सांग, धाडीवरचा मानूस चहा घेत नाही ना?"

त्याचा आवाज हसरा होता, पण तो अजून दारातून पुढं आला नव्हता. दादारावांनी टोपी काढली. या वेळी त्यांनी ती परत डोक्यावर घातली नाही. ते ओल्या सारवणावरून, पाऊल उमटवत, खुर्चीपर्यंत गेले.

"दोन कप सांग," ते म्हणाले.